शाळेच्या कौलांचे पैसे एप्रिलमध्ये द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका वाचकांनी लिहिलं होतं की शिक्षकांना सुट्ट्याच सुट्ट्या, मे महिनाभर घरी आराम आणि पगार पूर्ण. मी दापोली तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेत आहे, पहिली ते चौथी, मुलांचा पट वीसच्या आत. त्या वाचकांशी मला भांडायचं नाही, पण आमच्याकडे मे महिना कसा जातो ते सांगायचंय, कारण त्यातूनच एक मागणी करायची आहे.

सुट्ट्यांचं आधी सांगून टाकते. रविवार सोडून वर्षाला ७६, त्यात गणपती, दिवाळी, उन्हाळी सगळं आलं. बाकीच्या दिवसांत शिकवणं असतंच, वर यू-डायस या सरकारी पोर्टलवर शाळेची माहिती, पोषण आहाराची रोजची नोंद, मुलांचं आधार, अपार हा विद्यार्थी ओळख क्रमांक, कुठली तरी लिंक आजच भरा म्हणून ग्रुपवर मेसेज, आणि आमच्या वाडीत रेंज मिळते ती देवळाच्या पायरीवर, म्हणून शाळा सुटली की तिथे जाऊन बसायचं. निवडणूक, जनगणना, आपत्तीतलं मदतकार्य ही कामं शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्येच आहेत, ती करायलाच हवीत, त्याबद्दल तक्रार नाही.

तर मे महिना. कोकणात मे म्हणजे शाकारणी. आमचं घर चिऱ्याचं म्हणजे जांभ्या दगडाचं, वर मंगलोरी कौलं, सासऱ्यांनी बांधलेलं. पावसाआधी कौलं उतरवायची, शेवाळ खरवडायचं, फुटकी बाजूला काढायची, कौलं ज्यावर टेकतात त्या लाकडी रिपा तपासायच्या, कुजलेल्या बदलायच्या आणि सगळं परत चढवायचं. मिस्टर वर असतात, मी शिडीवर, मुलगा खालून एकेक कौल देतो. वासा वरून अगदी धडधाकट दिसतो, रंगसुद्धा शाबूत असतो, पण बोटाने ठोकलं की आवाज पोकळ येतो, स्क्रू ड्रायव्हर टोचला की तो मुठीपर्यंत आत जातो, म्हणजे वाळवीने आतून सगळं खाल्लेलं असतं. मग तो वासा काढा, नवीन घाला, त्याला काजूच्या टरफलाचं तेल लावा, उन्हात वाळू द्या. सुतार मिळणं कठीण झालंय, जाणती माणसं म्हातारी झाली आणि तरुण मुंबईला गेले, मिळालाच तर दिवसाची हजेरी हजाराच्या घरात, म्हणून बरंचसं आम्हीच शिकलो. पडवी बंद करून मुलांसाठी खोली केली, तिथला कोबा आम्ही दोघांनी घातला, त्याच्यावर पाणी मारायला मी पहाटे उठायचे. उतरवलेल्या जुन्या वाशाचा चांगला भाग कापून स्वयंपाकघरात फळ्या केल्या, त्यांच्यावर आज बरण्या आहेत. हे सगळं मला मनापासून आवडतं. आपल्या हाताने घर सुधारलं की त्या घरात राहण्याचं सुख वेगळंच असतं आणि त्यात गेलेली सुट्टी मला कधी वाया गेल्यासारखी वाटली नाही.

आता शाळा. शाळेलाही तेच चिरे, तीच कौलं, त्याच रिपा, तीच वाळवी आणि वरून उड्या मारणारी तीच वानरं. घराचं करून झालं की जूनच्या तोंडाला शाळेचं बघायला जायचं, बहुतेक वेळा मी, मुख्याध्यापक आणि दोन-तीन पालक. पालक येतात, कधी नाही म्हणत नाहीत, पण त्यांचा त्या दिवसाचा रोज बुडतो आणि त्यांच्या स्वतःच्या घरांची शाकारणीसुद्धा तेव्हाच असते. शिवाय पंधरा-सोळा फुटांवर जुन्या वाशांवर चढणं हे काही पालकांचं किंवा मास्तरांचं काम नाही. कुणी घसरलं तर काय, हा विचार दर वेळी मनात असतो.

३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली, मंडणगडला काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. कोरोनामुळे शाळा बंदच होत्या, आम्ही सर्व्हेची कामं करत होतो, वादळानंतर शाळेपर्यंत जायचा रस्ता झाडांखाली गेलेला. पोचलो तेव्हा एका वर्गाला छप्परच नव्हतं. त्या वर्षी कौलं मिळेनात, पत्रे मिळेनात, गावोगाव ताडपत्र्या. नंतर त्या वर्गावर पत्रे चढले. पत्र्याखाली कोकणातला पाऊस कसा वाजतो ते इथे बसल्याशिवाय कळणार नाही. पहिलीच्या मुलांना 'त' आणि 'द' मधला फरक ऐकवायचा असतो आणि मला माझाच आवाज ऐकू येत नाही, शेवटी मुलांना अगदी जवळ घेऊन एकेकाशी बोलायचं, तोवर बाकीची मुलं गप्प बसून बघत असतात. दुसरा वर्ग कौलांचा, तिथे ऐकू येतं पण गळतं. तिथे दोन काचेची कौलं आहेत, लाइट गेली तरी त्यातून येणाऱ्या उजेडात वाचता येतं, पण नेमकी त्यांच्या कडेनेच धार लागते. मग बाक सरकवा, बादली ठेवा, दप्तरं प्लास्टिकमध्ये घाला आणि पोषण आहाराच्या तांदळाची पोती सगळ्यात कोरड्या कोपऱ्यात. म्हणजे वर्गातला कोरडा कोपरा तांदळाला, आणि मुलं उरलेल्या जागेत. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, हे दोन-चार दिवसांचं नाही, जून ते सप्टेंबर असंच चालतं.

शिक्षण हक्क कायदा २००९चा. त्याच्या परिशिष्टात शाळेच्या इमारतीबद्दल पहिली अटच अशी आहे की ती सर्व ऋतूंत टिकणारी हवी. आमची शाळा तीन ऋतूंपैकी दोन ऋतू चांगली टिकते.

पैसे अजिबात येत नाहीत असं नाही. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून संयुक्त शाळा अनुदान मिळतं, पट ३० पर्यंत असेल तर वर्षाला १०,००० रुपये, त्याच्यावर १०० पर्यंत २५,०००. त्या १०,०००मध्ये लाइट बिल, खडू, रजिस्टरं, स्वच्छतेचा दहा टक्के वाटा आणि उरलं तर दुरुस्ती. पट कमी म्हणून अनुदान कमी, पण छप्पर काही पटावर लहानमोठं होत नाही. आणि रकमेपेक्षा मोठा प्रश्न वेळेचा आहे. आमच्याकडे हे पैसे कधी दिवाळीनंतर, कधी थेट मार्चच्या तोंडाला येतात. खातं झिरो बॅलन्सचं, त्यात पैसे म्हणजे नुसती खर्चाची लिमिट, ३१ मार्चपर्यंत वापरली नाही तर गेली. मग मार्चमध्ये घाईघाईने काहीतरी घ्यायचं आणि एप्रिल-मेमध्ये, जेव्हा छप्पर उघडता येतं, सुतार सापडतो, ऊन असतं, तेव्हा खात्यात शून्य. तुम्ही म्हणाल मग मार्चमध्येच कौलं परतून घ्या. तेव्हा शाळा भरलेली असते, डोक्यावरचं छप्पर काढून मुलांना कुठे बसवणार? आणि मार्चमध्ये नीट लावलेली कौलं मे अखेरपर्यंत वानरं ठेवत नाहीत. २०२५ला तर मे महिन्यातच धो धो पाऊस सुरू झाला, २५-२६ मेला मान्सूनच कोकणात आला, ज्यांची शाकारणी अर्धी राहिली होती त्यांची घरं भिजली आणि शाळाही.

म्हणून मागणी एवढीच आहे की जास्त पावसाच्या जिल्ह्यांतल्या शाळांना दुरुस्तीपुरती रक्कम एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात खर्च करता येईल अशी द्या. ते जमत नसेल तर मार्चमध्ये आलेले पैसे निदान १५ जूनपर्यंत वापरायची मुभा द्या. कौलं, रिपा आणि सुताराची हजेरी शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावावर देता यावी, या समितीत तीन चतुर्थांश पालकच असतात, त्यांना कुठलं छप्पर कुठे गळतं हे सगळ्यात आधी माहीत असतं. आणि छपराची रक्कम पटावर न धरता छपराच्या क्षेत्रफळावर धरा. एका चौरस मीटरला साधारण १५ मंगलोरी कौलं लागतात, चौथीच्या मुलांनी शाळेची लांबी-रुंदी मोजून हा हिशोब फळ्यावर करून दाखवलाय, तो ऑफिसात करायला अवघड जाऊ नये. घरी मी हौसेने कौलं चढवते आणि पुढेही चढवेन. शाळेत मात्र मला जूनचा पहिला दिवस पहिलीत आलेल्या मुलांबरोबर घालवायचाय, शिडीवर नाही.

आमच्या समितीने यंदाचं अंदाजपत्रक करून ठेवलंय, किती कौलं, किती फूट रिपा, किती दिवसांची हजेरी, सगळं लिहून सह्या घेतल्यात. कुणाकडे पाठवायचं ते कळलं की त्याच दिवशी पाठवू.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका
ता. दापोली, जि. रत्नागिरी