सईच्या प्रवेशाविषयी

तीर्थरूप आई-बाबांना मनूचा साष्टांग नमस्कार.

आमच्या सईला पोहण्याच्या जोरावर कॉलेजात घेत आहेत, हे रविवारी फोनवर ऐकून बाबा "म्हणजे वशिलाच झाला की" एवढेच बोलले आणि त्यांनी फोन आईकडे दिला. त्यानंतर चार दिवस मी मनातल्या मनात उत्तर देत आहे. फोनवर बोलायला लागले की माझा आवाज चढतो आणि मग बाबा गप्प होतात, म्हणून लिहिते आहे.

सईने मॅसॅच्युसेट्समधल्या त्या लहान कॉलेजच्या पोहण्याच्या कोचना त्यांच्या संघात येण्याचा होकार कळवला आहे. तुम्हाला विचारल्याशिवाय हा निर्णय झाला, याचे मला वाईट वाटते. पण जुलैत तिथल्या प्रवेश कार्यालयाने तिचे गुण, सॅट या प्रवेशपरीक्षेचा निकाल आणि बारावीत घेणार असलेले विषय पाहून कोचना अनुकूल मत कळवले आणि कोचनी उत्तरासाठी मोजके दिवस दिले. या आगाऊ तपासणीला इथे प्री-रीड म्हणतात. आता नोव्हेंबरमध्ये ती 'अर्ली डिसिजन'चा अर्ज भरेल. प्रवेश मिळाला तर तिथेच जाण्याचे बंधन असते. त्यामुळे दादांच्या निखिलसारखे मोठ्या विद्यापीठात इंजिनीअरिंग करणे आता होणार नाही, कारण या कॉलेजात इंजिनीअरिंग नाही. तिला रसायनशास्त्र शिकायचे आहे आणि त्यासाठी ती जागा उत्तम आहे, अशी प्रसादची आणि माझी खात्री झाली आहे.

बाबा, वशिल्याबद्दल. २०१९ साली रिक सिंगर या प्रवेश सल्लागाराचे प्रकरण उघडकीस आले, तेव्हा तुम्ही ती बातमी मला वाचून दाखवली होती. तो खेळ न खेळणाऱ्या मुलांना खेळाडू म्हणून दाखवले गेले आणि काही नामांकित विद्यापीठांच्या कोचनी त्यासाठी पैसे घेतले. तो घोटाळा चालू शकला याचे कारणच हे, की कोचच्या यादीतल्या नावाला प्रवेशात फार वजन असते. ते वजन मी तुमच्यापासून लपवणार नाही. प्रवेशपद्धतीवरून हार्वर्ड विद्यापीठावर जो खटला झाला, त्यात जी आकडेवारी बाहेर आली, तिच्यात कोचनी निवडलेल्या खेळाडूंपैकी सुमारे ८६ टक्के अर्जदारांना प्रवेश मिळालेला दिसतो. ज्यांच्यामागे ना खेळ, ना माजी विद्यार्थी पालक, ना देणगीदार, अशांपैकी सहा टक्क्यांनाही मिळालेला नाही. मात्र हे खेळाडू अर्जाच्या आधीच पारखून घेतलेले असतात. प्री-रीडमध्ये ज्यांचे गुण कमी पडतात, त्यांना कोच आधीच नाही म्हणतात आणि ती मुले पुष्कळदा अर्जच करत नाहीत. तरीही, सारख्याच गुणांची दोन मुले असतील तर निवडलेल्या खेळाडूचे पारडे पुष्कळ जड असते, हे खरेच आहे.

सईची वेळ मात्र घड्याळाने लावली आहे. दोनशे यार्ड बटरफ्लायची तिची प्रत्येक वेळ तुमच्याच डायरीत तारखेसह आहे, आणि इथेही त्या वेळा कोणालाही पाहता येतात. विभागीय स्पर्धेत कोणत्या वेळेला गुण मिळतात हे कोच पाहतात, आपल्या संघात कोण शिकून बाहेर पडणार आहे ते पाहतात, आणि वाट्याला आलेल्या थोड्या जागांपैकी एक कोणासाठी खर्च करायची ते ठरवतात. शेवटची मोहर प्रवेश कार्यालयाचीच असते. आपल्याकडे दहावी-बारावीला क्रीडा गुण देतात, त्याला तुम्ही शाळेत असताना कधी वशिला म्हटले नाही. उलट मुलांचे प्रस्ताव स्वतः भरून पाठवलेत.

एक गोष्ट मला टोचते, ती तुम्हालाच सांगता येईल. पहाटे साडेचारला गाडी काढणारे आई-वडील, क्लबची फी, दूरदूरच्या स्पर्धा हे सगळे आम्हाला परवडले. २०२३ साली इथल्या अर्थशास्त्रज्ञांनी मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. सारखेच सॅट गुण असूनही अतिश्रीमंत घरची मुले या निवडक विद्यापीठांत अधिक का पोहोचतात, याच्या कारणांत त्यांनी खेळाडूंची भरतीही धरली आहे. आम्ही अतिश्रीमंत नाही, पण तिच्याइतकीच जोरात पोहू शकली असती अशी कितीतरी मुले तलावापर्यंत पोहोचलीच नसतील. हे मला दिसते, आणि तरीही मी तिला नको म्हणू शकले नाही.

माझ्या दहावीच्या वर्षी तुम्ही माझे पोहणे बंद केलेत. तेव्हा दुसरा मार्ग नव्हता, ते मला कळते, आणि त्याचा राग माझ्या मनात नाही. पण पाठीला डबा बांधून पंचगंगेत सोडल्यावर "पाय मार, पाय मार" म्हणणारा तुमचा आवाज आणि घाटावर टॉवेल धरून उभी असलेली आई, हे सईच्या प्रत्येक स्पर्धेत मला आठवते. पोहणे की अभ्यास, यातले एक निवडायची वेळ तिच्यावर येऊ नये, एवढेच मला हवे होते.

आई, तू विचारलेस ते सांगते. खोलीत हीटर असतो. भोजनगृहात रोज शाकाहारी जेवण असते, वरणभात नसला तरी डाळी आणि भात मिळतो, आणि गाडीने आम्ही चार तासांत पोहोचू. क्लोरीनने केस जातात म्हणून तू दिलेले तेल ती लावते. पोहण्याची म्हणून शिष्यवृत्ती नाही, कारण हे कॉलेज खेळांच्या डिव्हिजन थ्री म्हणजे तिसऱ्या गटात आहे आणि त्या गटातल्या कॉलेजांना खेळासाठी ती देताच येत नाही. पण म्हणूनच उद्या खांदा दुखावला आणि पोहणे सुटले, तरी तिचे शिक्षण थांबणार नाही. फीची तजवीज आम्ही केली आहे. तुमची ठेव मोडायची नाही, हे बाबांना पुन्हा सांग.

आता काही गोष्टी कृपा करून ऐका. निकाल डिसेंबरच्या मध्याला आहे, तोपर्यंत शिंदेकाकूंनाही सांगायचे नाही आणि पेढे आणायचे नाहीत, कारण कोचचा शब्द म्हणजे प्रवेश नव्हे. सईशी बोलताना "पोहण्यामुळे मिळाले" असे कोणीही म्हणू नका. शाळेतल्या एका मैत्रिणीने तिला तेच ऐकवले आणि ती दोन दिवस नीट जेवली नाही. बाबांनी साखर या महिन्यातच तपासून मला आकडा कळवावा. आईने गुडघ्याचे व्यायाम दोन्ही वेळा करायचे, आणि न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घ्यायचा. सुतार मिळत नसेल तर मी दादांना सांगते.

दिवाळीला यंदा येता येणार नाही. अर्ज आणि सराव दोन्ही त्याच दिवसांत आहेत. डिसेंबरच्या वीस तारखेला आम्ही तिघेही येतो, तिकिटे काढली आहेत. सईला तो डबा पाहायचा आहे. माळ्यावर, तांब्याच्या घंगाळ्यामागे असेल. तुम्ही स्टुलावर चढू नका, मी आल्यावर काढेन.

तुमची
मनू