आधी बायोप्सीच्या ब्लॉकची तपासणी, मग इंजेक्शन

मा. संपादक,
स.न.वि.वि.

फुफ्फुसाचा कॅन्सर शेवटच्या स्टेजला सापडला की हल्ली आपल्या खान्देशात नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, 'ते इम्युनोथेरपीचं (अंगातल्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं) इंजेक्शन कितीला पडेल?' मी पारोळ्यात मेडिकल चालवतो. शेत गहाण टाकायच्या तयारीने आलेली माणसं काउंटरवर पाहतो, म्हणून हे लिहितो आहे.

इंजेक्शनात दम आहे, यात वाद नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या 'कीनोट-१८९' या फुफ्फुसाच्या कॅन्सरवरच्या औषधचाचणीत नुसती केमो घेणाऱ्यांपैकी सुमारे ४९ टक्के रुग्ण वर्षभरानंतर हयात होते. केमोच्या जोडीला पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी ६९ टक्के. पण या चाचणीत कॅन्सरच्या पेशींतल्या ईजीएफआर आणि एएलके या जनुकांत बदल असलेले रुग्ण घेतलेच नव्हते. हे बदल कधीही बिडी न ओढलेल्या बायाबापड्यांत जास्त सापडतात आणि त्यांना त्या बदलांवर नेम धरणाऱ्या गोळ्याच चांगल्या लागू पडतात. घाईने आधी इंजेक्शन दिलं आणि मागोमाग ओसिमर्टिनिबच्या (ईजीएफआर बदलावरच्या) गोळ्या सुरू केल्या, तर फुफ्फुसाला सूज येण्याचा धोका वाढतो. बेव्हॅसिझुमॅब हे कॅन्सरचं दुसरं एक इंजेक्शन तर फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या 'स्क्वॅमस' नावाच्या प्रकारात रक्तस्रावाच्या भीतीने टाळतातच.

हे सगळं ठरतं बायोप्सीच्या तुकड्यावरून. आणि घोडं तिथेच अडतं. घरच्यांच्या हाती रिपोर्टचा कागद येतो. तो तुकडा मेणात बसवून केलेला ब्लॉक मात्र लॅबच्या कपाटात पडून राहतो. तो मागून घ्यायचा असतो, हे त्यांना कुणी सांगतच नाही. मुंबईला गेल्यावर ब्लॉक नाही म्हणून बायोप्सीसाठी पुन्हा सुई टोचून घ्यायची वेळ येते. दम लागलेल्या म्हाताऱ्या माणसाला ते किती जड जातं!

आणखी एक. इंजेक्शन सुरू असताना जुलाब किंवा दम लागला तर गावातल्या डॉक्टरांना आधी 'इम्युनोथेरपी चालू आहे' असं सांगा. अंगातली प्रतिकारशक्ती आपल्याच आतड्यावर, फुफ्फुसावर उलटलेली असू शकते. त्यावर साध्या जुलाबाच्या गोळ्यांनी भागत नाही, बऱ्याचदा स्टेरॉइड द्यावं लागतं.

२०२५च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कॅन्सर केंद्रं उघडण्याची घोषणा झाली आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारला ती येतील तेव्हा नुसत्या केमोच्या खुर्च्या मांडू नयेत. ब्लॉक तपासणीला पाठवण्याची सोय आणि तिचा खर्च सरकारने उचलावा. एका इंजेक्शनच्या किमतीत कितीतरी रुग्णांच्या तपासण्या होतील.

— एक औषध विक्रेता, पारोळा (जि. जळगाव)