15 तासांत ट्रकचालक घडत नाही: परिवहन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. परिवहन मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय: नव्या ट्रकचालकांचं दीर्घ आणि सवेतन प्रशिक्षण

महोदय, सविनय नमस्कार.

पुणे–हैदराबाद राष्ट्रीय महामार्ग 65 आणि तुळजापूरहून विजयपूरकडे जाणारा 52 सोलापुरात एकमेकांना मिळतात. साखर, सिमेंट, मार्केट यार्डातला कांदा, चादरी-टॉवेल असा सगळा माल इथून चारी दिशांना ट्रकनंच जातो. आणि इथल्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसांत सध्या एकच रड आहे: गाडी उभी आहे, ड्रायव्हर मिळत नाही. त्यातून घाई होते. लायसन्स हाती पडलं की पोराला थेट भरलेल्या दहाचाकीवर बसवलं जातं. आम्ही सोलापुरातले काही वाहतूकदार आणि चालक-प्रशिक्षक आपल्याला सांगू इच्छितो की नव्या चालकानं दीर्घ प्रशिक्षण पुरं केलंच पाहिजे, आणि त्याला ते मध्येच सोडावं लागणार नाही एवढी सोय शासनानं करायला हवी.

आजचा नियम काय आहे? वय 20 पूर्ण, हलक्या वाहनाचं लायसन्स वर्षभर जवळ, आणि मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये 30 दिवसांत किमान 15 तास प्रत्यक्ष चालवणं. केंद्रानं 2021 मध्ये मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांचे नियम आणले, त्यात जड वाहनासाठी 6 आठवड्यांत 38 तासांचा अभ्यासक्रम आहे. हे पाऊल चांगलंच आहे. पण शिकणं होतं बहुधा रिकाम्या गाडीवर, दिवसा, सपाट जागेवर. दोन आसांच्या ट्रकला 2018 पासून मालासकट 18.5 टनांपर्यंत परवानगी आहे, दहाचाकीला 28.5 टन. एवढं वजन मागून ढकलत असताना गाडी कशी वागते, हे रिकाम्या गाडीवर कळायला मार्गच नाही.

उताराचंच घ्या. तुळजापूरचा घाट असो की पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार, नवा चालक तिथे दोन चुका करतो. पहिली, डिझेल वाचेल म्हणून गाडी न्यूट्रल करतो. हा समज साफ खोटा आहे. गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की आजच्या इंजिनात इंजेक्टर डिझेल सोडणंच थांबवतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जळतच राहतं. म्हणजे बचत काहीच नाही, वर इंजिनाची पकडही गेली. दुसरी चूक म्हणजे घाबरून ब्रेकचं पेडल दाबत-सोडत राहणं. ट्रकचा ब्रेक टाकीत भरलेल्या हवेच्या दाबावर चालतो. पेडल दर वेळी दाबलं की ती हवा खर्च होते, आणि इंजिन आयडलिंगला असल्यामुळे कॉम्प्रेसर ती भरून काढू शकत नाही. हवेच्या दाबाचा काटा खाली येतो, बझर वाजायला लागतो. तिकडे चाकातला ब्रेकचा ड्रम तापून फुगतो, त्याला घासून गाडी थांबवणाऱ्या लायनरची पकड सुटते, आणि पेडल तळापर्यंत गेलं तरी गाडी धरत नाही. मग पंचनाम्यात ‘ब्रेक फेल’ अशी नोंद होते. पुष्कळदा सामान धड असतं, वापरायची पद्धत चुकलेली असते.

खरी पद्धत अशी: उतार सुरू होण्याआधीच वेग कमी करून खालचा गिअर टाकायचा, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून वेग रोखणारा) लावायचा, वेग वाढला की पेडल एकदा ठामपणे दाबून वेग खाली आणायचा आणि पाय पूर्ण काढायचा, म्हणजे ड्रमला थंड व्हायला उसंत मिळते. सांगायला दोन मिनिटं लागतात. पायात बसायला मात्र भरलेली गाडी घेऊन, शेजारी जाणता माणूस बसवून, तोच घाट पुन्हा पुन्हा उतरावा लागतो.

टायरचंही तसंच. सोलापूरचा एप्रिल-मे सगळ्यांना माहीत आहे. ‘उन्हात टायर फुटतो, हवा कमी ठेव’ हा सल्ला नव्या पोराला पहिल्याच आठवड्यात मिळतो, आणि तोच टायर फोडतो. हवा कमी असली की टायरची बाजू चाकाच्या दर फेऱ्याला जास्त दबते आणि आतून जास्त तापते. हवा सकाळी, टायर थंड असताना, कंपनीनं दिलेल्या आकड्याप्रमाणेच भरायची. तापलेल्या टायरची हवा सोडायची नाही. जोडचाकांच्या मध्ये दगड अडकलाय का, नटाभोवती गंजाचा ओघळ आहे का, हेही तेव्हाच बघायचं. तो ओघळ बहुधा नट सैल झाल्याची खूण असतो.

गाळपाच्या हंगामात रात्री उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या रिफ्लेक्टरशिवाय रस्त्यावर असतात. ताशी 60 च्या वेगाला गाडी एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर जाते, आणि एअर ब्रेक पकडायला आणखी थोडा वेळ घेतो. रात्रीचं चालवणं कुठल्याच टेस्टमध्ये नाही.

कागदांचीही माहिती हवी. मालासोबत लागणाऱ्या जीएसटीच्या ई-वे बिलाला 200 किलोमीटरमागे एक दिवस मिळतो. मुदत संपत आली की नवा चालक झोप मारून गाडी दामटतो. मुदत संपण्याच्या 8 तास आधीपासून 8 तास नंतरपर्यंत ती वाहतूकदाराला वाढवून घेता येते, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

पूर्वी हे सगळं उस्तादाच्या, म्हणजे जुन्या जाणत्या चालकाच्या, शेजारी बसून शिकायला मिळायचं. नॅशनल परमिटच्या, म्हणजे राज्याबाहेर माल नेणाऱ्या, गाडीवरची दोन चालकांची सक्ती 2018 मध्ये रद्द झाली आणि शेजारची ती जागा रिकामी झाली. अर्थात दोन वर्षं गाडी धुवायला आणि ताडपत्री ओढायला लावणं म्हणजेही प्रशिक्षण नव्हे. त्याला कंटाळून पोरं पळतात आणि त्यात त्यांचा दोष नाही. पण चांगलं शिकवणाऱ्याकडूनही ती निघून जातात, कारण शिकण्याच्या काळात घरी पैसा जात नाही आणि पलीकडच्या गल्लीत कुणीतरी लगेच स्टेअरिंग देतो.

म्हणून आमची मागणी आहे की 38 तासांच्या अभ्यासक्रमानंतर 6 महिने अनुभवी चालकासोबतचं चालवणं सक्तीचं करावं. पहिले दोन महिने दिवसा, रिकामी आणि अर्ध्या लोडची गाडी, मोहोळ–टेंभुर्णीसारख्या सरळ रस्त्यावर. मग पूर्ण लोड आणि घाट, शेवटी रात्र. लॉगबुकात नुसत्या तारखा नकोत. भरल्या गाडीनं किमान 10 वेळा घाट उतरला, 40 तास रात्री चालवलं, 25 वेळा माल चढवायच्या धक्क्याला गाडी रिव्हर्स लावली, अशा नोंदी उस्तादाच्या सहीनिशी असाव्यात आणि आरटीओनं त्या तपासाव्यात. शिकवणाऱ्या उस्तादालाही ट्रिपमागे वेगळा भत्ता द्यावा, नाहीतर तो शिकवणार नाही.

या काळाचं विद्यावेतन शासन आणि गाडीमालक यांनी मिळून द्यावं. 2024 मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत बारावी पास उमेदवाराला महिना 6,000 रुपये ठरले होते. ट्रककडे येणारी बरीच मुलं दहावीच्या आतली असतात, ती या अटीत बसत नाहीत. चालकाची आठवी पासची अट केंद्रानं 2019 मध्येच काढली आहे, तर विद्यावेतनाला बारावीची अट का? चालक-प्रशिक्षणापुरती ती शिथिल करावी, आणि भरलेल्या गाडीवर शिकवणारं, घाटासारखा चढ-उताराचा ट्रॅक असलेलं केंद्र सोलापूर जिल्ह्यात उभं करावं. पुढचा गळीत हंगाम सुरू होण्याआधी पहिली तुकडी बसवता आली, तर शिकवायला लागणाऱ्या गाड्या आणि उस्ताद द्यायला आम्ही तयार आहोत.

आपले,
सोलापुरातील माल वाहतूकदार आणि चालक-प्रशिक्षक