राउटर रिसेट न केल्याबद्दल आभार

फोंडा, गोवा

फायबर जोडणीचं काम करणाऱ्या दादांना,

स.न.वि.वि.

हे पत्र उघडं लिहितो आहोत. आभार तुमचे आहेत, पण मजकूर वाड्यावरच्या बऱ्याच घरांच्या कामाचा आहे. चिऱ्याच्या जाड भिंती, मधे राजांगण, पुढच्या खोलीत इंटरनेट कंपनीचा फायबरचा डबा, म्हणजे मुख्य राउटर, आणि तिथलं वायफाय मागीलदारी पोचत नाही म्हणून तिकडे तारेने जोडलेला दुसरा, जुना राउटर. ही मांडणी इथे घरोघरी दिसते. चवथीला मुंबई-पुण्याची माणसं आपापले लॅपटॉप घेऊन उतरली की त्यावर विंडोज, मॅक, लिनक्स सगळं एकदम येतं. मग पावसात लाइट जाऊन आली की काही मशिनांवर नेट असतं, काहींवर नसतं, आणि दोष मशिनाच्या जातीला दिला जातो.

पहिले आभार याचे, की तुम्ही आल्या आल्या राउटरच्या भोकात पिन खुपसली नाही. रिसेटने जोडणीचं युजरनेम, पासवर्ड, वायफायचं नाव सगळं पुसलं जातं आणि बिघाडाचा पुरावाही जातो. नुसतं बंद-चालू करणंही फसवं. नशिबाने चालू झालं तर कारण कळत नाही, आणि पुढच्या वेळी लाइट गेली की पुन्हा तेच.

तुम्ही आधी डब्यावरचे दिवे बघितलेत. पॉनचा (फायबर जोडणीचा) दिवा हिरवा स्थिर, एलओएसचा (प्रकाश तुटल्याचा) लाल दिवा बंद. म्हणजे प्रकाश घरापर्यंत येतो आहे. डब्याच्या सेटिंगच्या पानावर मिळणाऱ्या प्रकाशाची पातळी उणे २१ डीबीएम (प्रकाशाचा जोर मोजायचं एकक) होती. या प्रकारच्या जोडणीत साधारण उणे ८ ते उणे २७ चालते, त्यामुळे फांदी पडून तार दबली असेल ही शंका तिथेच मिटली. कंपनीला फोन लावायचं कारण उरलं नाही. हे सगळं एकाही संगणकाला हात न लावता झालं.

मग खरं काम. प्रत्येक मशिनापाशी जाऊन तुम्ही कागदावर तीनच गोष्टी लिहिल्यात: मशिनाचा स्वतःचा नेटवर्कवरचा (आयपी) पत्ता, गेटवेचा, म्हणजे बाहेर जायच्या वाटेवरच्या राउटरचा, पत्ता आणि मशिनाला त्याचा पत्ता दिला कोणी. विंडोजवर कमांड प्रॉम्प्टमध्ये 'आयपीकॉन्फिग /ऑल' लिहिलं की 'डीएचसीपी सर्व्हर' (पत्ते वाटणारा) ही ओळ दिसते, तिसरी गोष्ट तिथे मिळते. मॅकच्या टर्मिनलमध्ये 'आयपीकॉन्फिग गेटपॅकेट ईएन०' ही आज्ञा तेच सांगते. लिनक्सवर 'आयपी रूट' दिलं की 'डीफॉल्ट' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीत गेटवे कळतो. ही तिसरी गोष्ट बहुतेक जण विचारतच नाहीत, आणि निम्मे बिघाड तिथेच लपलेले असतात असं आमचंही मत आहे.

कागदावर आलं ते असं. मॅकचा पत्ता १९२.१६८.१.१०४, देणारा १९२.१६८.१.१, म्हणजे कंपनीचा डबा. लिनक्सच्या डेस्कटॉपला १९२.१६८.१.५० हा पत्ता हाताने घातलेला. दोन्ही विंडोज लॅपटॉपांचे पत्ते मात्र १९२.१६८.०.१०० च्या आसपासचे, आणि देणारा १९२.१६८.०.१. हा मागीलदारचा राउटर. विंडोजवर नेट नाही, मॅक आणि लिनक्सवर आहे, हे बघून कोणीही अँटीव्हायरस काढायला बसला असता.

घडतं काय, हेही तुम्ही कागदाच्या मागे लिहून ठेवलंत. मशीन नेटवर्कवर आलं की ते सगळ्यांना उद्देशून विचारतं, 'मला पत्ता कोण देईल?' एकाच नेटवर्कवर दोन राउटर पत्ते वाटत असतील तर सहसा ज्याचं उत्तर आधी येतं त्याचा पत्ता घेतला जातो. लाइट आली की जुना छोटा राउटर लगेच उठतो. फायबरचा डबा उठून पत्ते वाटू लागायला जास्त वेळ घेतो. त्या अवधीत ज्यांनी विचारलं, ते सगळे छोट्याच्या पदरात. पूर्वीचा पत्ता आठवणारं मशीन आधी तोच मागून बघतं, त्यामुळे मॅक वाचला. छोट्या राउटरच्या वॅन पोर्टमध्ये (बाहेरच्या इंटरनेटसाठीचं भोक) काहीच जोडलेलं नाही, कारण तार लॅन पोर्टमध्ये (घरातल्या मशिनांसाठीचं भोक) आहे. तो स्वतःला गेटवे म्हणवतो, पण त्याच्या पलीकडे वाट नाही.

म्हणूनच 'राउटरला पिंग (पोचतं का ते बघायची हाक) जातो, म्हणजे घरातलं सगळं ठीक' हा निष्कर्ष इथे फसतो. पिंग जातो, पण भलत्याच राउटरला. ८.८.८.८ या इंटरनेटवरच्या पत्त्याला पिंग केल्यावर 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' न येता १९२.१६८.०.१ कडून 'डेस्टिनेशन नेट अनरीचेबल' आलं. उत्तर कोणाकडून आलं ते वाचायला तुम्ही शिकवलंत. आणि हे आपोआप बरंही होत नाही. पत्त्याची मुदत निम्मी सरली की मशीन ज्याने तो दिला त्याच्याकडेच मुदतवाढ मागतं, आणि छोटा राउटर ती आनंदाने देतो.

पत्ता १६९.२५४ ने सुरू झाला असता तर गोष्ट वेगळी होती. विंडोज आणि मॅक असा पत्ता स्वतःच घेतात, जेव्हा कोणीच उत्तर देत नाही. तेव्हा तार, प्लग नाहीतर वायफायचा पासवर्ड बघायचा.

दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून तुम्ही केलात तसाच देतो. छोट्या राउटरची घरच्या नेटवर्ककडे जाणारी तार काढली. एक लॅपटॉप थेट तारेने त्याला जोडला, लॅपटॉपचं वायफाय बंद केलं. ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ उघडून आधी राउटरचा लॅन पत्ता १९२.१६८.१.२ केला. मुख्य डबा १९२.१६८.१.१०० ते १९९ एवढेच पत्ते वाटतो, त्यामुळे २ कोणाला जाण्याची भीती नाही. राउटर पुन्हा सुरू झाल्यावर नव्या पत्त्यावर जाऊन डीएचसीपी बंद केलं, आणि सेव्ह केलं. क्रम उलटा केला, म्हणजे डीएचसीपी आधी बंद केलं, तर लॅपटॉपला नवा पत्ता मिळत नाही आणि हाताने घालावा लागतो. शेवटी तार पुन्हा लॅन पोर्टमध्ये, आणि वॅन पोर्टवर चिकटपट्टी. आता वॅनमध्ये कोणी तार घातली तर मागीलदारच्या मशिनांना मुख्य डब्याकडून पत्ताच मिळत नाही.

दोन्हीकडे वायफायचं नाव आणि पासवर्ड एकच ठेवले, २.४ गिगाहर्ट्झवर एकाला चॅनेल १, दुसऱ्याला ११. चिऱ्याच्या भिंतीतून ५ गिगाहर्ट्झ फारसं जात नाही, ते त्या त्या खोलीपुरतं. मग विंडोजवर 'आयपीकॉन्फिग /रिलीज' आणि 'आयपीकॉन्फिग /रिन्यू'. दोघांनाही १९२.१६८.१ चे पत्ते आले.

एवढ्यावर तुम्ही निघाला असतात तरी चाललं असतं. पण माळ्यावरच्या जुन्या विंडोज डेस्कटॉपवर पत्ता बरोबर, पिंग बरोबर, साइटची नावंही सापडत होती, आणि तरी प्रत्येक साइटवर सर्टिफिकेटची (साइट खरी असल्याच्या दाखल्याची) तक्रार. तुम्ही कोपऱ्यातली तारीख बघितलीत. कित्येक वर्षं मागे. मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी संपली होती, त्यामुळे लाइट गेली की घड्याळ मागे. ब्राउझरच्या हिशोबाने आजचं सर्टिफिकेट अजून सुरूच झालेलं नव्हतं. फरक एवढा मोठा असला की विंडोज आपणहून वेळ जुळवत नाही. तारीख हाताने घातली, बॅटरी बदलली. ३ व्होल्टची नाण्याएवढी बॅटरी, कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळते.

माळ्यावरच्या तारेचा प्लगही तुम्ही कापून नवा बसवलात. पावसाळी दमट हवेत त्याच्या पट्ट्या हिरव्या पडल्या होत्या. सेकंदाला १०० मेगाबिटच्या वेगाला १, २, ३ आणि ६ या चारच तारा लागतात, गिगाबिटला (१००० मेगाबिट) आठही लागतात. म्हणून अर्धा सडलेला प्लग नेट तोडेलच असं नाही, बरेचदा नुसता वेग पाडतो, आणि कोणी तक्रारही करत नाही. रंगांचा क्रम कागदावर आहेच: नारंगी-पांढरी, नारंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी.

राउटरसाठी छोटा यूपीएस घ्या असं सगळेच सांगतात, तुम्हीही सांगितलंत. फक्त तुम्ही पुढे म्हणालात की तो या बिघाडावरचा इलाज नव्हे. दोन्ही डबे चालू राहिले तर शर्यत लागत नाही एवढंच, पण दोन वाटप करणारे घरात राहतातच. घेताना अडॅप्टरवरचे व्होल्ट जुळले पाहिजेत. छोटा राउटर ९ व्होल्टचा आणि डबा १२ चा असेल, तर एकाचा प्लग दुसऱ्यात बसतो म्हणून घालायचा नाही.

तो कागद आता डब्याच्या मागे चिकटवला आहे. खाली वाड्यावरच्या एकाने विचारलेला प्रश्न आहे. त्यांच्याकडे पिंग जातो, लहान पानं उघडतात, मोठी अर्ध्यावर अडकतात. पत्ते आम्ही तुमच्या पद्धतीने तपासले, ते बरोबर आहेत. जोडणी पीपीपीओईची (युजरनेम-पासवर्ड देऊन होणारी) आहे, तेव्हा एमटीयू, म्हणजे एका वेळी जाणाऱ्या पुडक्याची बाइटमधली कमाल लांबी, १४९२ च्या वर राहिला असावा. विंडोजवरून पिंगला तुकडे न करण्याची अट घालून १४६४ बाइट पाठवले तर जातात, १४७२ जात नाहीत. त्यांच्या राउटरमध्ये तो आकडा कुठे बदलायचा ते जरा कळवा.

आणि तुमचं क्रिंपिंगचं (तारेवर प्लग दाबून बसवायचं) हत्यार इथेच राहिलं आहे. टीव्हीखालच्या खणात ठेवलंय, या बाजूला काम निघालं की घेऊन जा.

आपली,
मागीलदारच्या राउटरवाल्या घरची मंडळी