जळालेला पार्ट ओळखायचा कसा

शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

व्हीएफडीच्या, म्हणजे मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या, बोर्डाचा फोटो पाहिला. आयजीबीटीच्या (मोटरचा करंट चालू-बंद करणाऱ्या मोठ्या ट्रान्झिस्टरच्या) गेटजवळचा, म्हणजे त्याला हुकूम देणाऱ्या पायाजवळचा, पार्ट पार कोळसा झालाय, वर एक अक्षर उरलेलं नाही, आणि तू विचारतोस, "आई, हा काय असेल?" फोटोवरून मी नाव सांगणार नाही. तूच शोध, कसं ते लिहिते.

आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं काजळी पूस. पार्ट जळतो, पण बोर्डावर त्याच्या शेजारी छापलेलं आर (रेझिस्टर), सी (कपॅसिटर), डी (डायोड), झेडडी (झेनर, म्हणजे व्होल्टेज ठराविक मर्यादेत ठेवणारा डायोड) हे बऱ्याचदा वाचतं. ते नसलं तरी काळजी नको. थ्री-फेज ड्राइव्हला सहा आयजीबीटी असतात, म्हणजे त्यांचे गेट चालवणारी गेट ड्रायव्हरची सर्किटंही सहा, जवळपास एकसारखी. एक जळलं तरी पाच शाबूत आहेत. ट्रॅक धरून चाल. ऑप्टोच्या (प्रकाशातून सिग्नल पलीकडं देणाऱ्या आयसीच्या) आउटपुटपासून गेटकडं जाणाऱ्या वाटेत तो पार्ट असेल, तर गेट रेझिस्टर समज. गेट आणि एमिटरच्या मध्ये आडवा असेल, तर झेनर किंवा गेट खाली ओढणारा रेझिस्टर. मग शेजारच्या चांगल्या सर्किटात त्याच जागेवरचा पार्ट मोज, पण एक पाय उचलून. बोर्डावर तसाच मोजलास तर समांतर वाटांमुळं आकडा कमी दाखवेल.

एसएमडी (बोर्डाच्या पृष्ठभागावरच सोल्डर केलेल्या) सिरॅमिक कपॅसिटरवर तर नव्यावरसुद्धा काही छापलेलं नसतं. तिथं शेजारचा काढून एलसीआर मीटरवर (कपॅसिटी मोजणाऱ्या मीटरवर) मोजण्याला पर्याय नाही. मीटर व्हॅल्यू सांगेल, व्होल्टेज रेटिंग सांगणार नाही. कपॅसिटर कोणत्या लाईनवर आहे ते बघून रेटिंग भरपूर वरचं घे, आणि आकारही मूळचाच ठेव. बऱ्याच सिरॅमिकची कपॅसिटी डीसी व्होल्टेज चढलं की घटते.

तीन पायांच्या बारक्या पार्टवर कोड असला तरी लगेच विश्वास ठेवू नकोस. "1एएम" बहुधा 3904 हा ट्रान्झिस्टर असतो, पण तोच कोड दुसरी कंपनी वेगळ्याच पार्टवर छापू शकते. मीटरच्या डायोड मोडवर बेसचा पाय शोध, तिथून दोन्ही जंक्शनवर 0.6 ते 0.7 व्होल्ट येतं का बघ, आणि सर्किटात तो काय काम करतोय याच्याशी पडताळ.

पॉवर सप्लायमध्ये असा जुळा सापडत नाही. तिथं हिशोब करावा लागतो, आणि मला हाच भाग सगळ्यात आवडतो. समज, सप्लाय चालवणारी यूसी3842 ही आयसी आहे आणि मॉसफेटच्या (स्विचिंग ट्रान्झिस्टरच्या) सोर्सच्या पायाचा, करंट मोजणारा रेझिस्टर जळालाय. त्या आयसीची 3 नंबरची पिन साधारण 1 व्होल्टला करंट तोडते. ट्रान्सफॉर्मरला शिखरावर 2 अँपिअर हवा असेल, तर रेझिस्टर 0.5 ओहमचा निघतो. पण तो एकटा सहसा जळत नाही. मॉसफेट शॉर्ट झाला की तो जातो, सोबत गेट रेझिस्टर आणि कधी आयसीही. सगळे तपास, आणि पहिल्यांदा सुरू करताना सिरीजला फिलामेंटचा बल्ब लाव.

दिसायला तसाच म्हणून बाजारातला कुठलाही पार्ट बसवणं मला अजिबात मान्य नाही. तो चार दिवस चालतो, मग मशीन बंद पडतं आणि फाउंड्रीतल्या माणसांची पाळी फुकट जाते. शिवाय फाउंड्रीच्या ड्राइव्हवर लोखंडाची काळी धूळ बसते, आपल्या पावसाळ्यात ती ओल धरते आणि दोन ट्रॅक जोडते. पार्ट त्यामुळंच गेला असेल तर नवाही जाईल. बोर्ड धुऊन पूर्ण वाळव.

आणि बाळा, 415 व्होल्टच्या लाईनवर ड्राइव्हमधली डीसी बस, म्हणजे मोठ्या कपॅसिटरवरची डीसी लाईन, 580 व्होल्टच्या वर जाते. स्विच पाडला तरी कपॅसिटर लगेच उतरत नाहीत. मीटरवर बस शून्याजवळ आलेली बघितल्याशिवाय बोर्डाला हात लावायचा नाही. याबाबतीत मी काही ऐकून घेणार नाही.

सहाही गेटचे आकडे लिहून पाठव, जळालेल्या सर्किटचे वेगळे. रविवारी फोनवर बसून बघू.

तुझी,
आई