'एकावेळी एकच माणूस आत सोडा' म्हणणाऱ्या वाचकांसाठी

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या पत्रांत एकांचं पत्र आलं होतं, ऑनलाइन दाखल्याची वेबसाईट नुसती गोल गोल फिरत बसते म्हणून वैतागून लिहिलेलं. वैताग खराय, मी पण तसल्या गोलाकडं बघत कैक तास घालवलेत. पण शेवटी त्यांनी उपाय सांगितलाय की एकावेळी एकच माणूस आत सोडा, ते जमत नसेल तर मोठा सर्व्हर घ्या. हे वाचून गप्प बसवेना, कारण ही दोन्ही वाक्यं मी स्वतः मीटिंगमध्ये छाती काढून बोललोय आणि दोन्ही वेळा तोंडावर आपटलोय. त्या वेबसाईटचं मी बोलत नाही, माझंच सांगतो.

मी उद्यमनगरात एका छोट्या ऑफिसात प्रोग्रामिंग करतो. काही वर्षांमागं एका साखर कारखान्याच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर आमच्याकडं होतं. कारखान्याचं नाव लिहीत नाही, चूक आमची होती. चार काटे, हंगामात रात्रंदिवस ट्रॅक्टर-ट्रॉल्या, बैलगाड्या, ट्रक, भरलेली गाडी एकदा काट्यावर आणि रिकामी होऊन परत एकदा, आणि प्रत्येक वजनाची पावती. प्रोग्रॅम एकच पण आत प्रत्येक गाडीसाठी एक वेगळा थ्रेड, म्हणजे एकाच दुकानात बरेच कामगार एकदम राबतात तसं. कामगार वेगळे, पण वही एकच, आणि गंमत सगळी त्या वहीत आहे.

पहिल्याच आठवड्यात बोर्डावरचं आजचं टनेज आणि पावत्यांची बेरीज जुळेना. कारण अगदी साधं. बोर्डावर ४८१२ टन आहे, एका काट्यावर १४ टनाची ट्रॉली आली, दुसऱ्यावर १७ टनाचा ट्रक. दोन्ही थ्रेडनी एकदम ४८१२ वाचलं, एकानं ४८२६ लिहिलं, दुसऱ्यानं त्याच्यावरच ४८२९ लिहिलं, झालं, १४ टन ऊस हवेत. प्रोग्रॅममध्ये 'बेरीज कर' एवढी एकच ओळ दिसते पण मशीनला ती तीन कामं असतात, वाचायचं, मिळवायचं, परत लिहायचं, आणि मधल्या फटीत दुसरा घुसतो. टेस्टिंगला बसलं की हे कधी दिसत नाही, रात्री दीडला काट्यावर गर्दी झाली की बरोबर दिसतं.

इथं मात्र त्या वाचकांचा उपाय एकदम बरोबर आहे, एकावेळी एकच. त्याला म्युटेक्स म्हणतात, एक कुलूप एक किल्ली, ज्यानं लावलं त्यानंच काढायचं. मी पण लावलं, पण गडबडीत कुठून कुठंपर्यंत लावलं बघा, वजन घेण्यापासून पावती छापून होईपर्यंत सगळ्याला! छपाईला चार-पाच सेकंद, म्हणजे चार काटे असून एकच चालू आणि बाकीचे तीन नुसते बघत उभे. ट्रॉल्यांची रांग कारखान्याच्या गेटातनं बाहेर हायवेला लागली आणि ड्रायव्हर लोकांनी माझा जो उद्धार केला तो आपल्या पेपरात छापता येणार नाही. कुलूप फक्त त्या बेरजेपुरतं पाहिजे होतं.

आता खरा मुद्दा. डेटाबेसला, म्हणजे सगळ्या नोंदी जिथं साठवतात त्या कोठाराला, जोडणाऱ्या कनेक्शन आमच्याकडं २० होत्या. तिथं एकावेळी एकच सोडणं म्हणजे १९ वाया घालवणं, आणि सगळ्यांना सोडलं तर डेटाबेस गुदमरतो. ऊस गाळपाला टाकतात त्या गव्हाणीवर बघा की, एकावेळी जेवढ्या गाड्या खाली करता येतात तेवढीच टोकनं, एक गाडी रिकामी होऊन बाहेर पडली की पुढच्या नंबरला हाक. याच टोकनाच्या आकड्याला प्रोग्रॅममध्ये सेमाफोर म्हणतात. आत जाताना आकडा एकनं कमी, शून्य असेल तर थ्रेडनं झोपून घ्यायचं, बाहेर येताना एकनं वाढवायचा आणि झोपलेल्यातल्या एकाला उठवायचं. बघणं आणि कमी करणं हे दोन्ही मिळून एकच काम पाहिजे, मध्ये फट नको, नाहीतर परत त्या १४ टनाचीच गोष्ट.

ही कल्पना डायक्स्ट्रा नावाच्या डच शास्त्रज्ञाची, १९६२-६३ च्या सुमाराची, आणि नाव घेतलंय रेल्वेच्या हात वरखाली होणाऱ्या जुन्या सिग्नलवरनं. आमच्या कॉलेजात 'पी आणि व्ही ऑपरेशन स्पष्ट करा' म्हणून हमखास प्रश्न यायचा आणि आम्ही पाठ करायचो, पण पी कशाचा ते कुणी सांगितलं नाही. तो 'कमी करायचा प्रयत्न कर' अशा अर्थाचा त्यानं स्वतःच जुळवलेला डच शब्द आहे, व्ही म्हणजे वाढव. एवढं जरी सांगितलं असतं तरी डोक्यात राहिलं असतं.

तर सेमाफोर लावला, २० चा. आठ दिवस लय भारी चाललं. नवव्या दिवशी पहाटे सगळं ठप्प, चारी काटे बंद. सर्व्हर रिस्टार्ट केला, परत चालू. परत आठ-दहा दिवसांनी ठप्प. मी मोठ्या तोंडानं म्हटलं लोड वाढलाय, मोठा सर्व्हर घ्या, आणि कारखान्यानं खरंच घेतला हो! तो पण नवव्या दिवशी ठप्प. नंतर एकदा बंद पडलेला असतानाच नीट बघितलं तर सीपीयू, म्हणजे मशीनचा मेंदू, दोन टक्क्यांवर, मशीन निवांत, आणि सगळे थ्रेड टोकनासाठी झोपलेले. लोड कसला, कुणी कामच करत नव्हतं.

झालं होतं असं की तीन नंबर काट्याच्या प्रिंटरमध्ये दिवसातनं दोन-तीनदा कागद अडकायचा. अडकला की प्रोग्रॅम एरर देऊन तिथनंच बाहेर पडायचा आणि टोकन परत करायची ओळ खाली राहून जायची. प्रत्येक अडकलेल्या कागदाला एक टोकन गायब. वीस कागद अडकले की कारखाना बंद. आणि सेमाफोरला याचं काही सोयरसुतक नसतं, तो फक्त आकडा धरून बसतो, टोकन कुणी नेलं आणि तो माणूस जिवंत आहे का हे त्याला ठाऊकच नसतं. म्हणून परत करायची ओळ फायनली ब्लॉकमध्ये लिहायची, काहीही झालं तरी चालणारी. (आणि छपाई करताना कनेक्शन धरून कशाला बसायचं, हे शहाणपण तर अजून नंतर सुचलं.)

मी ती ओळ फायनलीत टाकली, पण टोकन घ्यायची ओळ पण ट्राय ब्लॉकच्या, म्हणजे ज्या ओळी कशाही संपल्या तरी पुढं फायनली चालतंच त्यांच्या, आतच ठेवली. आमची भाषा जावा. वाट बघणाऱ्या थ्रेडला मध्येच थांबवलं तर त्याला टोकन मिळालेलंच नसतं, तरी फायनलीत जाऊन तो परत करतोच, म्हणजे २० चे २१, २१ चे २२. जावाचा सेमाफोर अशा वेळी तक्रार करत नाही, सुरुवातीला दिलेला आकडा ही त्याच्या दृष्टीनं कमाल मर्यादा नाहीच. पायथन नावाच्या दुसऱ्या भाषेत बाउंडेड सेमाफोर म्हणून एक आहे, तो जास्तीचं टोकन आलं की एरर तरी देतो. जावात आधी घ्यायचं आणि मग ट्राय सुरू करायचा, क्रम एवढाच, पण मला तो कळायला एक अख्खी रात्र गेली.

दुसरा सर्व्हर लावला की काम दुप्पट, हा पण गैरसमज. सेमाफोर त्या एका प्रोग्रॅमच्या मेमरीत असतो, शेजारच्या मशीनला त्याचा पत्ता नसतो. दोन मशीन म्हणजे ४० कनेक्शन, आणि पोस्टग्रेस डेटाबेस स्वतः काही बदल न करता १०० च घेतो, असे सर्व्हर वाढवत गेलं की गर्दी पुढच्या दाराला जाऊन धडकते, बाकी काही नाही.

आणि रांगेचं. जावाचा सेमाफोर सांगितल्याशिवाय नंबर पाळत नाही, आत्ता आलेला थ्रेड आधीपासनं उभ्या असलेल्याच्या पुढं जाऊ शकतो. नंबर पाळ म्हणून सांगायची सोय आहे, थोडा वेग कमी होतो, पण काट्यावर नंबर डावलला तर काय होतं हे कोल्हापुरात कुणाला सांगायला नको. तरी त्यातही एक चोरवाट आहे, वाट न बघता नुसतं 'मिळतंय का बघ' असा एक प्रकार आहे, तो नंबर पाळ म्हटलेलं असलं तरी मोकळं टोकन दिसलं की वशिल्यानं आल्यासारखा सरळ घेऊन जातो. त्याला थांबायची मुदत दिली, पाच सेकंद म्हणा, की मग नंबर पाळतो, आणि पाच सेकंदात नाही मिळालं तर माणसाला सांगता येतं, गर्दी आहे, थोड्या वेळानं या. त्या वाचकांना जो गोल दिसत होता त्याच्या जागी हे एक वाक्य दाखवायला नवा सर्व्हर लागत नाही, चार ओळी लागतात.

म्हणून आपल्याला एक विनंती. वेबसाईट बंद पडली की बातमीत 'लोड वाढल्याने सर्व्हर डाऊन' असं छापून येतं, तेव्हा बातमीदारांनी पुढचा एक प्रश्न विचारावा, बंद पडली तेव्हा सीपीयू किती होता? दोन टक्के म्हणाले तर कुणाचं तरी टोकन आत राहिलेलं असू शकतं.

त्या वाचकांवर माझा राग नाही. उलट त्यांना बघायचं असेल तर गळीत सुरू झाल्यावर माझ्याबरोबर काट्यावर यावं, सॉफ्टवेअर आता नीट आहे, तीन नंबरचा प्रिंटर मात्र अजून तोच आहे आणि कागद अजून अडकतोच.

आपला,
एक नियमित वाचक
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर