दिवाळीचा डबा, नाव घातलेला

प्रिय सुनंदा,

शाळेतल्या कर्मचाऱ्यांच्या दिवाळीभेटीचं काम यंदा पालकांनी तुझ्यावर सोपवलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी यादी. नुसत्या हजेरीपटावरून केलीस तर माणसं हमखास राहतात. सफाईच्या मावशी, वॉचमन, बसमधल्या ताई बहुतेक ठिकाणी कंत्राटावर. त्यांची नावं ठेकेदाराकडे. म्हणून ऑफिसची यादी हातात घेऊन दोन्ही सत्रांना गेटवर थांब आणि आत कोण कोण येतं ते वॉचमनलाच विचार. रात्रपाळीला कोण असतं, तेही तोच सांगेल.

भेट मुख्याध्यापकांपासून मावशींपर्यंत एकच हवी. शिक्षकांना चांदीचं नाणं आणि शिपायाला सोनपापडीचा पुडा, हे लागतं गं मनाला. वर्षभर बाथरूम धुणाऱ्या बाईला आपण वेगळं मोजायचं नाही.

मुख्याध्यापकांना लेखी कळवून होकार घे. वर्गणी ऐच्छिक, घरटी २०० रुपये. १८० घरांनी दिले तर ३६,००० होतात. ४० जणांना ८०० प्रमाणे ३२,००० लागतील. उरलेले ४,००० ऐनवेळी निघणाऱ्या नावांसाठी राखून ठेव. कोणी दिले, कोणी नाही, हे ग्रुपवर येता कामा नये. हिशेब मात्र बिलांच्या फोटोंसकट टाक.

आता डबा. स्टीलचाच घे, ३०४ ग्रेडचा, म्हणजे सहज न गंजणाऱ्या चांगल्या स्टीलचा. दुकानदार लोहचुंबक लावून ते चिकटत नाही हे दाखवेल, त्यावर जाऊ नकोस. स्वस्तातल्या २०२ ग्रेडलाही चुंबक सहसा चिकटत नाही. ग्रेड बिलावर लिहून घे. झाकणावर शाळेचं नाव घालू नकोस, ज्याचं त्याचं नाव घाल. आणि ते त्यांनाच विचारून घे. ‘मावशी’ म्हणून हाक मारतो त्या बाईंचं नाव निम्म्या शाळेला माहीत नसतं! कुणाला माहेरचं नाव हवं असतं, कुणाला सासरचं. एकदा मशीन फिरलं की पुसता येत नाही आणि डबा परत घेत नाहीत, तेव्हा यादी तू आणि आणखी एकीनं वाचून मगच दे.

आत फराळ. खव्याची मिठाई नकोच, लवकर वास मारते. चिवडा, चकली, शंकरपाळे पाव-पाव किलो, बचतगटाकडून. तीन आठवडे आधी सांग, नंतर त्यांच्याकडे ऑर्डरी मावत नाहीत. चिवडा पूर्ण निवल्याशिवाय पिशवीत भरू देऊ नकोस. आतल्या वाफेनं पोहे मऊ पडतात. पिशव्या वेगवेगळ्या, चकली सगळ्यात वर, नाहीतर घरी पोचेपर्यंत चुरा. मधुमेह असलेल्यांना शंकरपाळ्यांऐवजी भाजके शेंगदाणे दे.

वाटप सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवसाच्या एक दिवस आधी कर. शेवटच्या दिवशी निम्मे लोक लवकर निघतात. रात्रपाळीच्या वॉचमनचा डबा ऑफिसात ठेवून येऊ नकोस, आठनंतर जाऊन त्याच्या हातात दे.

तुझी,
मीना